पलटणवाल्याची पाळी

अमावास्येच्या दुपारी अकरा ते एक आमच्या गावात मिक्सर लावत नाहीत. कपडे धोपटत नाहीत, नारळ फोडत नाहीत, टीव्ही बंद, पोरं पायरीवर गप्प. बाहेरगावची मुलगी लग्न होऊन आली की सासू पहिल्याच महिन्यात तिला हे सांगून टाकते, मिठाची बरणी कुठे असते ते सांगावं तितक्या सहज. तिने कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "त्याला ऐकू यायला पायजे."

तो म्हणजे पोलंडचा एक सैनिक. मी जन्मायच्या कितीतरी आधी मेलेला. गाव त्याला पलटणवाला म्हणतं. त्याचं खरं नाव गावात एकालाही धड उच्चारता येत नाही, आणि मी ते इथे लिहिणारही नाही.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते, वाटते, भिंतीला चिकटवते आणि फाडणाऱ्यांशी भांडते. पत्रकात मागणी लागते, तिथे भूत चालत नाही. पण त्या एका दुपारी बांधावर मी जे केलं ते आजवर कुठल्याच पत्रकात खरं लिहिलेलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आमचं गाव खाडीला चिकटून आहे. मांडव्याच्या धक्क्यावरून जे पाणी दिसतं त्याचाच एक फाटा आत वळून आमच्या शेतांच्या उशाला येतो. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये फक्त बांध : आतून मातीचा, खाडीकडून काळ्या दगडांचा. बांधाच्या मध्यावर उघाडी आहे, म्हणजे लाकडी दार लावलेली मोरी. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर जातं, भरती चढली की दार पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतं. हा बांध सरकारने बांधलेला नाही. गावाने बांधला आणि गावच राखतं. त्यासाठी घराघराची पाळी असते. या व्यवस्थेला आम्ही जोळ म्हणतो. उधाणाच्या भरतीला ज्याची पाळी असेल त्याने लोखंडी टोकाची काठी घेऊन बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. दर दोन पावलांवर दगडावर ठोकायचं आणि ऐकायचं. दगडामागे माती घट्ट असली तर आवाज बद्द येतो. चिंबोऱ्यांनी बिळं पाडून माती खाल्ली असली तर दगड मडक्यासारखा वाजतो. तिथे खूण करायची आणि ओहोटीला पोकळी बुजवायची. चुकलं तर खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायला नको.

ठोकायची ही रीत गावाला पलटणवाल्याने शिकवली. त्याच्या आधी नुसतं बघत जायचे.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नऊ वर्षांची होते. भादव्यातली अमावास्या. आई पायरीवर तांदूळ निवडत होती, तेही सूप न पाखडता, बोटांनी. ऊन इतकं डोक्यावर की कोंबडीच्या सावलीत तिचे पायसुद्धा मावत नव्हते. गाव असं गप्प की लांब उघाडीच्या दाराला पाणी चाटत होतं तेही ऐकू येत होतं.

मग आला. टक्. मध्ये दोन पावलं टाकायला लागतो तेवढा वेळ. पुन्हा टक्.

आमच्या पायरीवरून बांध सरळ दिसतो. आडोसा नाही, पार टोकाचं भेंडीचं झाड सोडलं तर झाड नाही. बांधावर कोणी नव्हतं.

"आई, कोण ठोकतंय?"

"ज्याची पाळी हाय तो."

"पण कोणी दिसत नाय."

"तुला ऐकायला बसवलंय, बघायला न्हाय."

आवाज डावीकडून उजवीकडे सरकत गेला, माणूस चालतो तितक्या संथपणे. उघाडीपाशी थांबला. आई तांदळातला खडा फेकत म्हणाली, "आता शिग्रेट." एक सिगारेट जळून संपेल इतका वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. शेवटी शेवटी मला कंटाळा आला आणि मी झोपले. भीती नंतर आली, शिकल्यावर.

त्याची हकीकत मला चुलत आजाने सांगितली. माझ्या आजोबांचा हा धाकटा भाऊ, आज गावात सगळ्यांत म्हातारा आणि जोळचा कारभारी. लहानपणी तो पलटणवाल्याच्या हाताखाली चिखलाच्या टोपल्या वाहायचा.

पोलंडवर दोन्ही बाजूंनी फौजा चालून आल्या तेव्हा याच्या घरातल्या सगळ्यांना रशियनांनी मालगाडीत भरून थंडीच्या मुलखात नेलं. पुढे पोलंडची फौज पुन्हा उभी राहिली, हा तिच्यात भरती होऊन इराणमार्गे लढायला गेला. बायको आणि लहान मुलगी मागे राहिल्या. लढाई संपली तेव्हा याची तुकडी इंग्रजांच्या देशात होती आणि याचं गाव नव्या नकाशात दुसऱ्याच देशात गेलं होतं. मोठ्या माणसांनी टेबलावर बसून रेघ सरकवली आणि खाली राहणाऱ्यांना कळवायचं राहून गेलं. ही पद्धत मला चांगली ओळखीची आहे. आमच्या खाडीचेही नकाशे असेच कुणाच्या तरी टेबलावर असतात.

तुकडीतले पाच जण, हा त्यांतलाच एक, स्कॉटलंडच्या एका खेड्यात राहिले. दुसऱ्यांच्या शेतांत बटाटे काढायचे, दगडी कुंपणं रचायचे. तिथले लोक आधी म्हणायचे, लढाई संपली ना, आता जा की घरी. घर कुठलं, ते विचारायला कुणाला सवड नव्हती. मग कोणीतरी याला कळवलं की रशियातून सुटलेल्या पोलिश बायका आणि मुलं कोल्हापूरजवळच्या छावणीत ठेवली आहेत. बाकीचे चौघे त्या खेड्यातच रुजले, तिथल्याच मुलींशी लग्नं करून. हा बोटीत चढला.

कोल्हापूरला पोचला तेव्हा छावणी रिकामी झाली होती. बरॅकींची दारं वाऱ्याने आपटत होती. माणसं कुठे पाठवली ते सांगणारा एकेक जण वेगळा देश सांगायचा. हा मुंबईला परतला, गोदीत फिटरचं काम धरलं. तिथून एका लाँचवाल्याने त्याला आमच्या उघाडीचं लोखंडी काम करायला आणलं. आठ दिवसांसाठी आला आणि मरेपर्यंत राहिला.

"पण इथंच कशाला राह्यला?" मी आजाला विचारलं होतं.

"पत्ता दिलावता ना! सगल्या सरकारांना कागद लिवले, त्यांच्यात आपल्या गावचा पत्ता. बायको आली आन हा हलला असला तं? म्हनून मुंबईला बी रातचा राह्यला न्हाय कदी."

दर डिसेंबरात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तो दोन ताटं मांडायचा. उकडलेले बटाटे, मीठ, पाव, खाडीतले तळलेले बोयटं मासे. एका ताटासमोर स्वतः बसायचा, दुसरं रिकामं. आजा तेव्हा पोर. त्याने विचारलं, "मी बसू?" पलटणवाल्याने त्याला मांडीवर घेऊन स्वतःच्या ताटातलं भरवलं, पण त्या ताटाला हात लावू दिला नाही. म्हणाला, "येणाऱ्याचं हाय."

मग ती सर्वपित्री अमावास्या. ज्यांच्या मरणाची तिथी माहीत नसते त्यांचं पान त्या दिवशी वाढतात. आजाच्या बापाने चांगल्या मनाने विचारलं, "तुझ्या बायकोचं, पोरीचं पान वाढू का?" पलटणवाला ताडकन उठून उभा राहिला.

"ती मेली असं तुला कोणी सांगितलं?"

त्याने कोपऱ्यातली काठी उचलली. "तुम्ही सगळे आपापल्या मेलेल्यांना जेवू घाला. माझं कोणी मेलेलं न्हाय. बांधावर मी जातो." तेव्हापासून अमावास्येची दुपारची पाळी त्याची. पुनवेला कोणीही जावं, ही त्याची.

तो गेल्यावर बांधाच्या खाडीकडच्या टोकाला भेंडीच्या झाडाखाली त्याला पुरला; भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी वाढणारं मोठं झाड. मग त्याची पाळी कोणाला द्यायची यावर बैठक बसली. आजाचा बाप म्हणाला, "ऱ्हाऊ दे तशीच. येनाऱ्याचं ताट ठेवायचा ना, तशी येनाऱ्याची पाळी." पाळीच्या वहीत ती ओळ कोरी ठेवली. पहिल्याच अमावास्येला सगळे जेवायला बसलेले असताना बांधावरून ठोकल्याचा आवाज आला. आजा सांगतो, त्याच्या बापाने घास तोंडात तसाच धरला होता, ओहोटी लागेपर्यंत.

पलटणवाल्याची पत्र्याची पेटी आजाकडे आहे. तिच्यात एक फोटो : पाच माणसं दगडी भिंतीला टेकून उभी, पुढ्यात बटाट्यांच्या टोपल्या, पाचवा हसताना अर्धा वळलेला. आणि स्कॉटलंडहून आलेली पत्रं. तो गेल्यावरही येत राहिली, कारण तो गेला हे तिकडे कळवणार कोण? मी कॉलेजात असताना शेवटचं आलं, इंग्रजीत, एका साथीदाराच्या मुलीने लिहिलेलं. मी आजाच्या ओट्यावर बसून तिच्याच शब्दांत मराठीत सांगत गेले : चौघांतले तिघे चर्चच्या मागे विसावले आहेत, वडील नव्वदी ओलांडून खुर्चीत आहेत. दर डिसेंबरला आमच्या घरी एक रिकामं ताट असतं. लहानपणी मी विचारायचे कोणाचं, तर वडील म्हणायचे, बायको शोधायला समुद्रापार गेला त्याचं. तो अजून आहे का? आणि एक विचारते, हसू नका. त्या जेवणाच्या वेळी आमच्या कुंपणाच्या दगडी भिंतीवर कोणीतरी ठोकत जातं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वडील म्हणतात, वारा आहे.

मी पत्र खाली ठेवलं. आजाने नुसती मान हलवली. "मंग बराबर. तिकडं बी त्याची पाळी असंल."

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तो आहे का, या प्रश्नाला काय लिहावं ते सुचेना. मी, जी दोन तासांत चार पानी निवेदन पाडते.

मग कंपनी आली. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, अशा कंपन्यांची भाषा एकच असते. तिने अर्ज केला की आमची जमीन पडीक आहे, उधाणाला खाडीचं पाणी आत शिरतं, बांध बेवारस आहे, सबब ही शेतजमीन धरू नये. म्हणजे मातीमोल भावाने उचलता येते. माहितीच्या अधिकारात मी ती फाइल काढली. तिच्यात बांधाचे फोटो होते, वरून ड्रोनने घेतलेले. भरती काठोकाठ, लख्ख ऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांध ओस. एक माणूस नाही. मी फोटोंखाली छापलेले दिवस पंचांगाशी ताडून पाहिले. सगळे अमावास्येचे. सगळे दुपारचे बारा.

माझं डोकं फुटायची वेळ आली. मी देवळात बैठक बोलावली आणि फोटो सगळ्यांसमोर टाकले.

"फोटो खोटे नाहीत. त्या वेळेला बांधावर खरंच कोणी नसतं. आपण घरात तोंडं मिटून बसतो आणि कंपनीला मोकळा बांध फोटोला देतो!"

"कोनी नसतं असं कसं?" आजा म्हणाला.

"फोटोत येईल असं कोणी."

हशा झाला. मागून एक काकू ओरडली, "बाय, तू त्याला बी पत्रक देशील, सही कर म्हनून!"

"देईन की. आधार कार्ड असलं तर."

पुन्हा हशा. आजा हसला नाही. "सायेब कंदी येनार?"

साहेब म्हणजे कंपनीच्या अर्जावर पाहणीला येणाऱ्या मंडळ अधिकारी, आणि त्या बाई होत्या. त्यांनी कळवलं होतं की बांध तपासायचा तर उधाणाच्या भरतीलाच, आणि दिवस दिला होता सर्वपित्री अमावास्येचा, दुपारी एक. पाळीची यादीही मागितली होती. जमीन शेतीची राहणार की खाडीची ठरणार, ते त्या भेटीवर होतं. मी यादी टाइप करून आणली होती. कोऱ्या ओळीत मी माझं नाव घातलं होतं.

आजाने यादी लांब धरून वाचली. "त्याच्या पाळीला तू जानार?"

"हो."

"ठोकता येतं?"

"त्यात काय येण्यासारखं आहे, आजा?"

"ठोकायला कोनाला बी येतं. थांबता येतं का तुला?"

मला वाटलं, म्हातारा मला घाबरवतोय. मी त्या रात्रीत पत्रक लिहून काढलं. मथळा : 'बांध भुताच्या भरवशावर नाही!' त्यात मी लिहिलं की ही शांतता कंपनीच्या सोयीची आहे, यंदाच्या अमावास्येला गावाने गजबजून उठावं. तेच माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं आणि देवळाच्या भोंग्यावर सकाळपासून लावून दिलं. मिक्सर लागले, पोरं ओरडायला मोकळी झाली. काही घरं तरी दारं ओढून बसलीच. आईने मला काठी दिली.

अकरा वाजता मी बांधावर चढले. पाणी दगडांच्या निम्म्यावर आलं होतं, तपकिरी, फुगलेलं, लाट नसलेलं. आत हाताच्या अंतरावर भात निसवलेलं. मी ठोकत निघाले. टक्, दोन पावलं, टक्. मागून भोंग्यातून माझाच आवाज येत होता : "गावकऱ्यांनो, आपला बांध, आपली जमीन..." स्वतःचा आवाज पाण्यावरून परत आलेला ऐकला तर तो आपला वाटत नाही. वाटतं, कोणीतरी बाई सारखी तीच तीच चार वाक्यं बोलतेय आणि तिला मधेच थांबता येत नाहीये. दगड काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. मी ठोकत होते, कारण वर ड्रोन असेल तर दिसावं. खरं सांगायचं तर एवढंच.

उघाडी ओलांडली आणि लाइट गेली.

भोंगा शब्दाच्या मधे तुटला. मिक्सर बंद पडले. पोरंसुद्धा का कोण जाणे गप्प झाली. सवय असेल, अमावास्येच्या बाराची. ऊन डोक्यावर उभं होतं, माझी सावली पायाखाली गेली होती. आणि समोरून, भेंडीच्या झाडाकडून आलं. टक्. दोन पावलं. टक्.

माझ्याकडे येत होतं. बांध समोर सरळ, मोकळा, दगड न् दगड दिसत होता. आवाज जवळ येत गेला तसे मी दगड मोजू शकले : हा वाजला, आता पुढचा. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर तो थांबला. आणि मग एकाच दगडावर ठोकायला लागला. टक् टक् टक् टक्. बद्द नव्हता. मडक्यासारखा होता.

मला ऐकू आलं. हे मला लिहायचं होतं. मला स्पष्ट ऐकू आलं की दगड पोकळ वाजतोय.

आणि मी काय केलं? मी ओरडले. "कोण आहे रे? कंपनीचे का? समोर या! लाज वाटत नाही?" रिकाम्या बांधाला मी शिव्या घातल्या. ठोकणं थांबेना. मी घाईत असले की अधीर होऊन दारावर ठोकते ना, तसं वाटत होतं. त्या दगडावर खूण करायलाही मी थांबले नाही. मी पळाले. पुढच्या पत्रकात मी लिहिलं की मदत आणायला गेले. मी मदत आणायला गेले नव्हते. मी पळाले होते.

उघाडीजवळ पोचले तेव्हा लाइट परत आली आणि भोंगा अर्ध्या शब्दापासून पुढे सुरू झाला : "...मीन, आपली जबाबदारी!" मी मागे वळून पाहिलं. ज्या जागी आवाज थांबला होता तिथला बांध हळूच खाली बसला, उशी बसावी तसा. मग त्यातून पाणी आत आलं.

आजा पितळी थाळी बडवत धावत आला. त्या वयात धावत. थाळी वाजली की ताटावरचा माणूसही उठतो. त्या दिवशी तर पितरांची पानं वाढलेली होती. ती तशीच टाकून लोक आले. बायका, म्हातारे, बैठकीत माझी चेष्टा केलेली ती काकू साडी खोचून सगळ्यांत पुढे. लाकडी मेढी ठोकल्या, पेंढ्याचे भारे टाकले, माणसांची रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात पुढे गेले. मी छातीभर पाण्यात पेंढा पायाने दाबत उभी होते. भोंगा कोणीतरी बंद केला.

मंडळ अधिकारी मॅडम आल्या तेव्हा खांड बुजत आली होती. सँडल हातात घेऊन त्या बांधावर आल्या, वही उघडली.

"कधी फुटला?"

"तासाभरापूर्वी," कोणीतरी म्हणालं.

त्यांनी यादी काढली. "आज पाळी कोणाची होती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं : कंपनीच्या माणसांनी फोडला. एकानेही शंका घेतली नसती. दुसऱ्या दिवशीचा मथळाही मला दिसत होता. तेवढ्यात आजा पुढे झाला. तो काय म्हणणार ते मला कळलं. तो पलटणवाल्याचं नाव सांगून मला वाचवणार होता, आणि मॅडमच्या वहीत आमचा बांध मेलेल्या माणसाकडे जाणार होता.

"माझी," मी म्हटलं. "मला पोकळ वाजल्याचं ऐकू आलं होतं. मी थांबले नाही. पळाले."

मॅडमनी वर पाहिलं. मग खाली वाकून यादीत माझं नाव शोधलं, तिथे बोट ठेवून बराच वेळ लिहिलं. नंतर नक्कल हातात आली तेव्हा वाचलं : बांध ग्रामस्थ पाळीने राखतात, पाळीवरील व्यक्तीने चूक कबूल केली, खांड त्याच भरतीत गावाने बुजवली, आत उभे पीक आहे. जमीन शेतीची राहिली. कंपनी वर अपिलात गेली आहे, ते भांडण चालू आहे. त्याची पत्रकं वेगळी.

खांडीच्या कडेचं आठ-दहा गुंठे भात मात्र करपलं. ते माझ्या खात्यावर.

ओळखीच्या एका इंजिनिअरला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, पोकळीत हवा कोंडते, भरतीचं पाणी तिला दाबतं, दगड हलून ठोकल्यासारखा वाजतो. मला पटलं. मी विचारलं, मग आवाज झाडापासून दोन-दोन पावलांनी चालत का आला? त्याने चहा ढवळला आणि विचारलं, तू घाबरली होतीस का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग झालं. मला ते अर्धवट पटलं.

पुढच्या बैठकीत यादी पुन्हा आली. अमावास्या, दुपार : माझं नाव. मला वाटलं, खोडतील. आजा म्हणाला, "असू दे. पन रकाना मोठा कर." माझ्या नावाखाली एक ओळ कोरी सोडायला लावली. तशीच यादी तहसीलला गेली. स्कॉटलंडलाही मी अखेर उत्तर लिहिलं, दोनच ओळींचं : तो इथेच भेंडीखाली आहे, तुमच्या भिंतीवर आवाज कुठे थांबतो ते ऐका आणि तो दगड काढून बघा. अजून उत्तर आलेलं नाही.

दर अमावास्येला अकरा वाजता मी बांधावर चढते. गाव पुन्हा गप्प असतं, आता माझ्यासाठीही. उघाडीवर एक पाव, एक उकडलेला बटाटा आणि एक सिगारेट ठेवते. मी ठोकते, थांबते, ऐकते, दोन पावलं पुढे जाते. मग मागून, मी नुकत्याच सोडलेल्या दगडावर, पुन्हा एकदा टक्. मी तपासलेला प्रत्येक दगड तो परत तपासतो. पहिल्या दोन-तीन अमावास्यांना मला याचा रागच यायचा. आता मी मागे वळत नाही. त्याचं ठोकून होईपर्यंत थांबते आणि मग पुढचं पाऊल टाकते.